कोपऱ्यातली चौकट

पाकायास, ५ मे २०१९

हान्या,

हे पत्र तुझ्या वाहिनीच्या फाटकावर पाठवतोय. पाकिटावर 'सहाच्या बातम्यांत कोपऱ्यातल्या चौकटीत हातवारे करणाऱ्या बाईंस' असं लिहिलंय, कारण तुझा पत्ता मला कुणी देत नाही आणि नवा नंबर तू माझ्यापासून लपवून ठेवलायस. ठेव. माझं काम साधं आहे. मला टीव्ही घ्यायचाय, आणि टीव्हीत काम करणारं माझ्या ओळखीचं तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुला माहीतच असेल, चौदा ऑगस्टला जुने टीव्ही बंद पडणार आहेत. बंद म्हणजे चालू राहतील, पण त्यांत काही दिसणार नाही. सरकार जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण थांबवून सगळं डिजिटल करतंय. जाहिरातीत याला 'अपागोन' म्हणतात. दिवे गेले की आपण जो शब्द वापरतो तोच. शेजारच्या मरिएलोसने तो ऐकून दोन पुडे मेणबत्त्या आणून ठेवल्या. मी समजावलं, तर म्हणाली, "डॉन ओल्मान, सरकार सांगतं एक न् करतं एक. मेणबत्ती असलेली बरी."

तिचा नवरा दिदिये स्वतःला टीव्हीतला तज्ज्ञ समजतो. तो म्हणाला त्रेचाळीस इंची घ्या. मी तुझ्या आईची शिवणाची टेप घेऊन कार्तागोच्या दुकानात गेलो आणि त्रेचाळीस इंची टीव्ही मोजला, तर रुंदी साडेसदतीस भरली. मी दुकानदाराला म्हटलं, साडेपाच इंच कुठे गेले? सगळं दुकान हसलं. टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात म्हणे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे कुणी आधी सांगायला नको?

तर माझे प्रश्न. तू ज्या चौकटीत असतेस ती पडद्याच्या कितव्या हिश्श्याची? आपल्या जुन्या टीव्हीत ती पत्त्यातल्या राजाएवढी दिसते आणि तुझा डावा हात कोपरापासून कापलेला असतो. नव्या टीव्हीत तो पूर्ण दिसेल का? आणि 'फोर के' म्हणजे काय? दिदिये म्हणतो चौपट ठिपके, पण कशाच्या चौपट ते त्याला सांगता येत नाही.

आई बरी आहे. नजर जरा मंदावलीय, वय झालं. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

ओल्मान ब्रेनेस

पाकायास, ९ जून

हान्या,

पाच आठवडे झाले. उत्तर नाही, ठीक आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गिळली. आईची नजर वयाने मंदावलेली नाही. तिच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चाललाय. ती म्हणते, जिकडे बघावं तिथे मधोमध राखेचा डाग पडतो, ज्वालामुखीने खिडकीवर फेकल्यासारखा. कडेचं दिसतं. मी समोर बसलो की तिला माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. "चेहरा गेला आणि कान राहिले," ती म्हणाली, "फसवलं की मला." डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली. दुसरा डोळाही ख्रिसमसपर्यंत तितकाच जाईल असं त्यांनी मला दाराशी नेऊन सांगितलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

आता दुसरी गोष्ट. आई सहाच्या बातम्या आवाज बंद करून बघते. मला वाटायचं डोकं दुखतं म्हणून. मागच्या मंगळवारी मी कॉफी घेऊन आलो, तर ती खुर्ची आडवी लावून, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून टीव्हीच्या कोपऱ्याकडे बघत बसलेली. मी आल्याचं तिला कळलं नाही. एकदम म्हणाली, "तुरियाल्बाचा पूल बंद केला."

मी म्हटलं, "आवाज तर बंद आहे. कुणी सांगितलं?"

"हान्याने."

"तुला हातांची भाषा येते?"

"तेवीस वर्षं येते, ओल्मान. हान्या आणि हाइरोने गोठ्यात शिकवली. तुम्ही दुधाची गाडी घेऊन निघालात की आमचं तिघांचं बोलणं सुरू व्हायचं."

तेवीस वर्षं! पहाटे तीनला मी गाडी काढायचो आणि माझ्या मागे माझंच घर बोलायला लागायचं. माझ्यासमोर मात्र सगळे गप्प. मला फार राग आला. कुणावर काढू? कॉफीचा कप तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडलो.

म्हणजे तुला कळलं असेल टीव्ही कशासाठी हवाय. तिला तुझे हात वाचायचेत, वाचता येताहेत तोवर. बाकी तिला काही नको. वाहिनीवर दुसरं कुणी असतं तर तिने टीव्हीवर विणलेला रुमाल टाकून ठेवला असता.

मी कामाला लागलोय. तिला बाजूने बघावं लागतं, म्हणून 'बघण्याचा कोन' महत्त्वाचा. काही टीव्ही समोरून झकास दिसतात आणि बाजूला सरकलं की फिके पडतात. मी दुकानात प्रत्येक टीव्हीसमोर खेकड्यासारखा आडवा चालतो. दुसरं, 'काँट्रास्ट' म्हणजे काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं. तू काळा शर्ट घालतेस आणि मागचा पडदा निळा असतो, म्हणून हात उठून दिसतात. हे तुम्ही मुद्दाम करता, हे मला आत्ता कळलं.

हाइरोला सांगशील का? काय सांगायचं ते मला सुचत नाही.

ओल्मान

पाकायास, २१ जुलै

हान्या,

मी गाढवपणा केलाय. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? दिदियेला सांगितलं तर तो अख्ख्या गावाला सांगेल.

गोल्फितोला करमुक्त दुकानांत टीव्ही स्वस्त मिळतो म्हणून गेलो. तिथली रीत तुला माहीत आहे. आज खिडकीवर खरेदीचं कार्ड काढायचं, रात्र तिथेच काढायची आणि उद्या माल घ्यायचा. मरिएलोस एक रात्र आईसोबत झोपायला तयार झाली होती. पण चौदा ऑगस्टच्या धास्तीने अर्धा देश रांगेत उभा. माझा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. कार्ड उद्या, माल परवा. म्हणजे दोन रात्री. गेल्या आठवड्यात आईने चूल समजून टेबलावर हात टेकला होता, आणि टेबल समजून चुलीवर. मी दोन रात्री कसा राहणार?

रांगेतली एक बाई म्हणाली, "कानोआसला जा ना, डॉन. तासाभरावर तर आहे. तिथे कार्ड नाही न् बिर्ड नाही."

गेलो. कानोआसला रस्त्याच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला पनामा. मी रस्ता ओलांडला. दुकानातल्या मुलीला माझं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं: त्रेचाळीस इंच, तिरके मोजलेले, कोन रुंद, काळं काळं दिसणारं. मी तिच्यासमोर आडवा चालूनही दाखवलं. ती हसली नाही, फार गुणी पोर. शेवटी विचारलं, "डिजिटल आहे ना? चौदा ऑगस्टनंतर चालेल?"

"पूर्ण डिजिटल, डॉन. सगळं पकडतो."

टीव्ही बसच्या पोटात घातला आणि प्रत्येक थांब्यावर उतरून बघून आलो. घरी आणला, लावला, वाहिन्या शोधायला सांगितलं. एका टक्क्यापासून शंभरपर्यंत आकडे चढले, आई खुर्ची आडवी लावून तयार बसली होती, आणि शेवटी पडद्यावर आलं: एकही वाहिनी सापडली नाही. सात वेळा शोधलं. छपरावर चढून अँटेना फिरवली.

मग खोक्यावरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. आपला देश डिजिटलची एक पद्धत वापरतो आणि पनामा दुसरीच. दोन्ही डिजिटल. मी घरी आणलेल्या टीव्हीला फक्त पनामाचं बोलणं कळतं. ती मुलगी खोटं बोलली नाही. तिच्या बाजूला तो सगळं पकडतो.

आई म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात राहून याला आपलंच ऐकू येत नाही?" दोघांच्या मनात हाइरोच होता, पण नाव कुणी घेतलं नाही.

पनामाला परत नेऊन बदलायचा म्हणजे पुन्हा दोन दिवस. तिला सोडून मी जाऊ शकत नाही. जुना टीव्ही पुन्हा टेबलावर चढवलाय. डावा हात अजून कापलेलाच.

ओल्मान

पाकायास, १५ ऑगस्ट

हान्या,

जुना टीव्ही काल गेला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आई तरीही सहाला समोर जाऊन बसली. सवय. मी म्हटलं, काही नाहीये. ती म्हणाली, "मला तसंही मधोमध असंच दिसतं."

पनामाच्या टीव्हीला जोडायची एक डबी मिळते, ती आपल्या वाहिन्या पकडून त्याला समजेल अशा करून देते. सोपं आहे. पण कार्तागोत ती संपली, पाराइसोत संपली, सान होसेतल्या दुकानाने फोनवर सांगितलं की माल सप्टेंबरमध्ये. प्रत्येक दुकानात मी सांगतो की माझ्या बायकोचे डोळे चाललेत. प्रत्येक दुकानदाराला वाईट वाटतं. डबी कुणाकडेच नाही.

टीव्ही नाही म्हणून काल संध्याकाळी आम्ही बोलत बसलो. तिने हाइरोचा विषय काढला. तो काढला नाही म्हणून माझी ही पत्रं अशी लुळी आहेत, ते तुलाही कळत असेल.

शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, हात वापरू दिले तर बहिऱ्या मुलाची जीभ आळशी होईल. मी शिकलेला नाही, मी विश्वास ठेवला. मी लोकांना नेहमी सांगत आलो की मी शिस्त लावली. शिस्त नव्हती ती. जेवताना मी हाइरोचे हात ताटाच्या फडक्याने खुर्चीला बांधायचो आणि 'भाकरी म्हण,' म्हणायचो. सहा वर्षांचा होता. तू तेरा वर्षांची. तू उठून गाठ सोडलीस आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं.

आणि सहा वर्षांपूर्वी त्याच्या वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर, तुम्ही दोघं हातांनी बोलून हसत होतात. मला वाटलं माझ्यावरच हसताय. मी म्हणालो, "माकडचेष्टा बंद करा." त्याला ऐकू येणार नाही म्हणून बिनधास्त म्हणालो. पण ओठ वाचायला मीच त्याला शिकवलं होतं. हातांना बंदी घालून, रोज रात्री, दिव्याखाली. त्याने वाचलं. केक तसाच ठेवून उठला. तू त्याची बॅग भरलीस.

आईला विचारलं, "तेव्हा ते हसत कशावर होते?"

ती म्हणाली, "मरिएलोसच्या केसांच्या टोपावर."

माझी चूक आहे, हान्या. पूर्ण माझी. माफ कर असं लिहिलं की काहीतरी मागितल्यासारखं होतं, आणि मागायचा हक्क मला नाही. नुसतं कळवतोय.

ओल्मान

पाकायास, ८ सप्टेंबर

हान्या,

डबी आली, दहा दिवस झाले. दिदियेने आणून दिली, सान होसेत दोन तास उभा राहून. आता त्याला तज्ज्ञ म्हणायला माझी हरकत नाही.

चित्र लागलं तेव्हा तुझा हात या टीव्हीतही कापलेलाच होता. मी हताश झालो. मग सूचनापत्रकात सापडलं, टीव्ही आपणहून चित्र थोडं मोठं करतो आणि कडा बाहेर फेकतो. 'चित्राचा आकार' मध्ये जाऊन 'मूळ' निवडायचं. निवडलं, आणि तुझा डावा हात आत आला. पूर्ण. वहीच्या पानाएवढी चौकट. नखं दिसली. तुझ्या केसांत पांढरं आलंय, मला माहीतच नव्हतं. मी किती वेळ बघत उभा होतो, आणि मग मागे वळून म्हणालो, "बघ!"

आई खुर्चीत आडवी बसली होती. मान डावीकडे, मग उजवीकडे, मग वर. कोन, काळं, पांढरं, सगळं मी बरोबर आणलं होतं. ती म्हणाली, "काहीतरी हलतंय. काळ्यावर काहीतरी हलतंय, ओल्मान." आणखी थोडं पुढे सरकली. मग तिने हात मांडीवर ठेवले.

उशीर झाला. गोल्फितोच्या खिडकीचे दोन दिवस, पनामाची बारीक अक्षरं, तीन आठवडे डबी नाही, आणि तेवढ्या वेळात तेही गेलं. मला रडू आलं आणि तिने ते ऐकलं.

ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय ना? मग करून दाखवा."

"मला कुठे येतं?"

"ती करते तसं करा. अर्थ मी बघते." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि माझी मनगटं धरली.

पन्नास वर्षं दुधाची गाडी हाकलेले हात आहेत हे. बोटं वळत नाहीत. तू वीस गोष्टी सांगून मोकळी होतेस तेव्हा माझी एक होते. तिचे पंजे माझ्या हातांवर फिरत असतात आणि ती बोलते, "परत. बोट वर की खाली? ... बटाटा. बटाट्याचा भाव म्हणतेय ती." पहिल्या दिवशी पूर्ण बातम्यांतून आम्ही बटाटा आणि पाऊस एवढंच मिळवलं. ती म्हणाली, "हाताने तोतरं बोलता." पण मनगटं सोडली नाहीत.

आता रोज सहाला बसतो. गुळाचं पाणी आधीच पिऊन घेतो, कारण मग हात मोकळे नसतात. कालपर्यंत साठ शब्द झाले. त्यांतला एकही तू मला उद्देशून बोललेली नाहीस, हे मी विसरत नाही.

एकच विनंती, जमलं तर. जरा सावकाश बोल.

ओल्मान

पाकायास, ६ ऑक्टोबर

हान्या,

सोमवारपासून चौकटीत तू नाहीस. एक दाढीवाला माणूस आहे.

सोमवारी वाटलं सुट्टी असेल. आईने रोजच्यासारखं विचारलं, "कशी दिसतेय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "बरी. केस बांधलेत." मग मी दाढीवाल्याचे हात केले आणि तिने ते वाचले. मंगळवारीही तसंच. मंगळवारी तर मी स्वतःच्या मनाने सांगितलं की तू दोनदा हसलीस. चांगलं चाललंय असं मला वाटलं. खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही.

बुधवारी मधेच तिने माझी मनगटं सोडून दिली.

"ही हान्या नाही."

"काहीतरीच काय? समोर आहे माझ्या."

"ओल्मान, ती पाऊस खांद्यापासून खाली आणते. महिनाभर तुम्हीही तसाच आणत होतात. आज नुसता मनगटातून शिंपडला."

मी टीव्ही बंद केला.

"सोमवारपासून ना?" ती म्हणाली. "मला वाटलं तुमचेच हात थकले असतील, म्हणून बोलले नाही."

मग तिने विचारलं तुला काय झालं, आणि मला माहीत नव्हतं. वाहिनीला फोन केला. कर्मचाऱ्यांची माहिती देत नाही म्हणाले. मी म्हटलं मी बाप आहे. त्या बाईने विचारलं, मग तुमच्याकडे तिचा नंबर नाही का? मी फोन ठेवला.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. ही पत्रं तुला मिळाली असतील तर? दर महिन्याला फाटकावर माझं पाकीट, सगळ्यांच्या हातातून फिरत आलेलं. त्याच्यामुळेच तू ती जागा सोडलीस का? तसं असेल तर मीच आईचं ते शेवटचं घालवलं, आणि तिला हे कसं सांगू? दिदिये म्हणतो आजारी असेल, बदली झाली असेल, नवा माणूस शिकत असेल. म्हणू दे.

दाढीवाल्याचे हात तिला नको आहेत. "परक्या माणसाचं बोलणं मला काय करायचंय?" म्हणते. तरी सहाला टीव्ही लावायला सांगते, आणि आम्ही दोघं समोर बसतो. चित्र अगदी स्वच्छ येतं. ती विचारते, "आहे का?" मी सांगतो, "नाही." आता खरंच सांगतो.

हे शेवटचं पत्र. यानंतर फाटकावर माझं काही येणार नाही, शपथ घेतो. मला उत्तर नको. मला तुझा नंबर नको, हाइरोचा पत्ता नको, माफी नको. घरी ये असंही मी म्हणत नाही. घरी येऊ नकोस हवं तर, कधीच येऊ नकोस.

पण सहा वाजता ये.

ओल्मान